स्वतःची झडती: अंतर्मुख हिप-हॉप आणि वैयक्तिक जबाबदारी

हिप-हॉपमधला 'मी' मुळात बढाईखोर आहे. आपल्याइतकी धारदार जीभ कुणाची नाही, आपली गल्ली सगळ्यांना भारी, समोर येईल त्याची खैर नाही, या तोऱ्यावरच रॅपच्या लढती उभ्या राहिल्या. अशा कलेत एखादा गायक माईक हातात घेऊन आपण कुणाशी कसे वाईट वागलो ते सांगू लागतो, तेव्हा तो त्या कलेचा पहिलाच नियम मोडत असतो. अंतर्मुख म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिप-हॉपमध्ये वैयक्तिक जबाबदारीला जे वजन आले, ते या नियमभंगामुळे. शिवाय रॅपर कादंबरीकारासारखा पात्राच्या आड लपू शकत नाही. गाण्यातली गल्ली खरी असते, मित्राचे नाव खरे असते आणि ज्याचा उल्लेख झाला तो माणूस संध्याकाळपर्यंत ते गाणे ऐकतो.

दुःख सांगणे, पश्चात्ताप होणे आणि जबाबदारी घेणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत; गाण्यात मात्र त्या सहज एकमेकींत मिसळतात. लहानपणीची उपासमार सांगणारा गायक दुःख सांगतो. आयुष्यात फार चुका झाल्या असे म्हणणारा पश्चात्ताप सांगतो. तो खराही असेल, पण त्यात कुणाचे नाव नसते, कुठला प्रसंग नसतो. ठरावीक माणसाला केलेली ठरावीक इजा सांगितली आणि तिचा निदान काही भार परिस्थितीच्या गळ्यात न घालता स्वतःकडे ठेवला, की जबाबदारीला सुरुवात होते. अंतर्मुख म्हणवली जाणारी बहुतेक गाणी त्याआधीच थांबतात. इथवर पोचलेली थोडी आहेत आणि या विषयाचा खरा ऐवज त्यांच्यातच आहे.

हिप-हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. परंपरेने त्याची तारीख ११ ऑगस्ट १९७३ धरतात. त्या दिवशी डीजे कूल हर्कने सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत बहिणीच्या पार्टीसाठी तबकड्या वाजवल्या. पहिली काही वर्षे सगळा भर नाचावर आणि जल्लोषावर होता. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्यूरियस फाइव्ह यांच्या 'द मेसेज' या गाण्याने वस्तीतले रोजचे जगणे रॅपमध्ये आणले. त्यात बोट परिस्थितीकडे होते आणि ते योग्यच होते. आत वळून पाहायला आणखी काही वर्षे लागली. ह्यूस्टनच्या गेटो बॉइज या गटाचे १९९१चे 'माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी' हे गाणे गुंडगिरीच्या रुबाबामागची भीती उघडी करते: झोप उडालेली, कुणीतरी पाठलागावर आहे हा भास, आपल्याच सावलीचा संशय. दोषाची कबुली तिथे अजून धूसर आहे. पण दहशत बसवणारा माणूस स्वतःच दहशतीत जगतो हे एकदा बोलले गेले आणि पुढच्यांची वाट मोकळी झाली.

या वाटेवर सर्वात लांब गेला तो कॅलिफोर्नियातील कॉम्प्टनचा केंड्रिक लामार. त्याच्या 'सेक्शन.८०' (२०११) या अल्बममध्ये देहविक्री करणाऱ्या कीशा नावाच्या तरुणीच्या शेवटाची कहाणी आहे. श्रोत्यांना ती भिडली. पुढच्याच वर्षी 'गुड किड, मॅड सिटी' आला. त्यातल्या 'सिंग अबाउट मी, आयॅम डाइंग ऑफ थर्स्ट' या गाण्याच्या पहिल्या कडव्यात मारल्या गेलेल्या मित्राचा भाऊ बोलतो आणि त्याचे बोलणे बंदुकीच्या आवाजाने मध्येच तुटते. दुसऱ्या कडव्यात कीशाची बहीण उभी राहते आणि लामारलाच जाब विचारते: माझ्या बहिणीचे आयुष्य चव्हाट्यावर मांडायचा अधिकार तुला कुणी दिला? ती आपण विरून जाणार नाही असे बजावत असतानाच तिचा आवाज हळूहळू विरत जातो. तिसऱ्या कडव्यात लामार स्वतःच्या आवाजात उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. इथे आरोपी गायक आहे, आणि आरोपपत्रही त्यानेच लिहिले आहे. वस्तीचे दुःख गाऊन मोठा झालेला कलावंत त्या दुःखाच्या मालकांना काय देणे लागतो, हा प्रश्न इतक्या थेटपणे क्वचितच कुणी स्वतःवर ओढवून घेतला असेल.

'टू पिंप अ बटरफ्लाय' (२०१५) मधले 'यू' हे गाणे त्याहून कठोर आहे. हॉटेलची खोली, दारू, बाहेर दार वाजवणारी सफाई कामगार आणि आत स्वतःवर ओरडणारा माणूस. आरोप मोघम नाहीत. मरणाच्या दारातल्या मित्राला भेटायला न जाता फोनच्या पडद्यावर बोलण्यात भागवले. हजारो लोकांना उपदेश केला, पण धाकट्या बहिणीला सांभाळता आले नाही. गाण्यात तो स्वतःला 'तू' म्हणतो. ही युक्ती साधी दिसते, पण तिच्यामुळे बचावाचा मार्गच बंद होतो. 'मी चुकलो' म्हणणारा माणूस त्याच दमात कारणेही देऊ शकतो; 'तू चुकलास' हे ऐकणाऱ्याला गप्प बसावे लागते.

त्याच अल्बममधल्या 'द ब्लॅकर द बेरी' या गाण्यावरून मात्र वाद झाला, आणि तो या विषयाच्या मुळाशी जातो. २०१२ साली फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलगा मारला गेला होता. गाण्यातला निवेदक शेवटी स्वतःला दांभिक ठरवतो: त्या मुलासाठी रडणाऱ्या आपल्याच हातून टोळीयुद्धात आपल्यासारखाच एक जण मेला. अनेक टीकाकारांनी विचारले, वर्णद्वेषी व्यवस्थेच्या गुन्ह्याची चर्चा चालू असताना कृष्णवर्णीयांनी आधी स्वतःकडे पाहावे असे सुचवणे म्हणजे व्यवस्थेला सोडून देणे नव्हे का? आक्षेप खोटा नाही. पण निवेदक समाजाला दोष देत नाही, एका माणसाला देतो. आणि तो माणूस तो स्वतः आहे. एवढे अंतर पुरेसे आहे की नाही, हे प्रत्येक श्रोत्याला आपापले ठरवावे लागते.

२०१८ साली 'डॅम' या अल्बमसाठी लामारला पुलित्झर मिळाले. अभिजात आणि जॅझ संगीताबाहेर हा पुरस्कार पहिल्यांदाच गेला. त्यानंतरच्या 'मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स' (२०२२) मध्ये त्याने मानसोपचार, परस्त्रीगमन, बापाकडून शिकलेला कठोरपणा आणि घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दडवलेला लैंगिक अत्याचार हे सगळे मांडले. तो अल्बम निर्दोष नाही. कुटुंबातल्या पारलिंगी व्यक्तींविषयीच्या 'आंटी डायरीज' या गाण्यात लहानपणी वापरलेल्या शिवीची कबुली देताना तो तीच शिवी पुनःपुन्हा उच्चारतो. लैंगिक हिंसेच्या आरोपांमुळे वादात असलेल्या एका रॅपरलाही त्याने अल्बममध्ये जागा दिली. कबुली देणारा माणूस कबुली देता देताच नवी चूक करू शकतो, हेही त्यातून दिसते.

लामारची वाट एकट्याची नाही. जे-झीचा '४:४४' हा अल्बम ३० जून २०१७ रोजी आला. व्यापारी यश, दागिने आणि अढळ आत्मविश्वास ही ज्याची ओळख, त्या गायकाने त्यात पत्नीशी केलेल्या प्रतारणेची माफी मागितली. पहिल्या गाण्यात तर तो आपल्या जे-झी या रूपालाच संपवायला निघतो. अर्थात त्याआधी, २०१६ साली, त्याच पत्नीचा, बियॉन्सेचा, या प्रतारणेवरचा 'लेमोनेड' हा अल्बम येऊन गेला होता. जगाला गोष्ट कळून चुकली होती. उघडकीला आल्यावर दिलेल्या कबुलीची किंमत थोडी कमीच. एमिनेमचे उदाहरण अधिक सरळ आहे. २००२ साली 'क्लीनिंग आउट माय क्लॉझेट' या गाण्यात त्याने आईची जाहीर लक्तरे काढली. २०१३च्या अल्बममधल्या 'हेडलाइट्स' या गाण्यात त्याने तिची क्षमा मागितली आणि ते जुने गाणे आता कार्यक्रमांत म्हणत नसल्याचेही सांगितले. लोकप्रिय गाणे कायमचे बाजूला ठेवणे म्हणजे पदरचे काही मोडणे. जे. कोलने एप्रिल २०२४ मध्ये लामारवर टीका करणारे गाणे काढले आणि दोनच दिवसांनी, स्वतःच्याच संगीत महोत्सवात हजारोंसमोर ते चुकीचे होते असे सांगून नंतर मागे घेतले. लढतीच्या नियमाप्रमाणे ही माघार. पुष्कळांनी त्याची टर उडवली. गाण्याबाहेर काही किंमत मोजल्याशिवाय कबुली पुरी होत नाही, हा निकष लावला तर या तिघांत कोल पुढे निघतो, जरी त्याचा अपराध सगळ्यात किरकोळ असला तरी.

मराठी वाचकाला यातले काही नवे वाटू नये. देहूच्या तुकोबांनी सतराव्या शतकात विठ्ठलासमोर स्वतःचे दोष मोजले, आणि ते नुसते अध्यात्माच्या भाषेत मोजले नाहीत. दुष्काळ, बुडालेला धंदा, अन्नावाचून गेलेली बायको हे सगळे उघडपणे सांगितले. त्याच्या उलट शाहिरी परंपरेतला 'फटका' इतरांना शहाणपण सांगतो. संगमनेरचे अनंत फंदी यांनी लावणी सोडून उपदेशाकडे वळण्यामागे अहिल्याबाई होळकरांचे खडे बोल होते, अशी आख्यायिका आहे. मराठी रॅपमध्ये आज जे 'प्रबोधनपर' म्हणून खपते, त्यातले बरेचसे या फटक्याचे वंशज आहे: दारू सोडा, शिका, आईबापांना विसरू नका. हेतू चांगला, पण बोलणारा स्वतः सुरक्षित.

दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) हा सुरक्षितपणा टाकला. शिकून नोकरीला लागलेले दया पवार आणि वस्तीत राहिलेला दगडू पवार हे एकाच माणसाचे दोन तुकडे त्या पुस्तकात एकमेकांशी बोलतात. जातिव्यवस्थेने केलेला अन्याय पानोपानी आहे आणि त्याच पानांवर निवेदकाचा स्वतःचा भित्रेपणा, स्वतःच्या बायकोशी केलेले वर्तनही आहे. एकाने दुसरे झाकले जात नाही. लामारच्या 'यू'मधला 'तू' आणि पवारांचा दगडू यांचे काम सारखेच आहे, आणि पवारांनी ते जवळजवळ चार दशके आधी केले.

मुंबईच्या गल्ली रॅपची सुरुवात मात्र अभिमानातून झाली. कुर्ल्याच्या नेझीचे 'आफत' (२०१४), अंधेरीच्या जे. बी. नगरातल्या डिव्हाइनसोबतचे 'मेरे गली में' (२०१५), धारावीतल्या डोपॅडेलिक्झची मराठी-हिंदी-तमीळ सरमिसळ. ज्यांना शहराने कधी विचारले नाही त्यांनी आपला पत्ता मोठ्याने सांगणे, हेच तेव्हाचे काम होते. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी आलेल्या झोया अख्तरच्या 'गली बॉय'ने ते देशभर पोचवले. त्या चित्रपटातला एक धागा या विषयासाठी महत्त्वाचा आहे. गाडीचोरीत मुराद सामील असतो; तुरुंगात जातो त्याचा मित्र मोईन. लहान मुलांकडून अमली पदार्थांचे काम करून घेण्यावरून मुराद मोईनला फटकारतो, तेव्हा मोईनकडेही उत्तर असते. पण नायकाच्या यशाच्या झपाट्यात मुराद मोईनला काय देणे लागतो हा हिशेब तसाच राहून जातो. रॅपवरच्या चित्रपटाने रॅपमधला सर्वात चांगला प्रश्न हातचा घालवला.

डिव्हाइनच्या पुढच्या अल्बमांची नावेच वळण सांगतात: 'कोहिनूर' (२०१९), 'पुण्य पाप' (२०२०), 'गुनहगार' (२०२२). मौल्यवान हिऱ्यापासून गुन्हेगारापर्यंतचा हा प्रवास ऐकायला मोठा आकर्षक आहे. ख्रिस्ती संस्कारात वाढलेल्या या गायकाला पाप आणि क्षमा हे शब्द उसने घ्यावे लागत नाहीत, आणि यश मिळाल्यावर जवळचे लोक का दुरावले हे तो प्रामाणिकपणे चाचपतो. तरी त्या गाण्यांत बहुधा दगा देणारा दुसरा असतो, आणि 'पुण्य पाप'मध्येच 'मिर्ची'सारखे निव्वळ पार्टीचे गाणेही आहे. शीर्षक जितके आत जाते तितके गाणे जात नाही. पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन फेब्रुवारी २०२३ मध्ये 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वाचा विजेता झाला, तेव्हा घराघरांत पोचला. लहानपणी कव्वाली गाणाऱ्या या मुलाने एका गाण्याला 'अस्तग़फ़िरुल्लाह' असे नाव दिले. अल्लाहकडे क्षमा मागण्याचा तो उद्गार. त्याच्या 'तडीपार' (२०२०) आणि 'इन्सान' (२०२२) या अल्बमांत शेखी आणि शरम इतकी एकमेकांत गुंतलेली आहेत की एक सोडवायला गेले तर दुसरी हाती येते. ही गुंतागुंत वीस-बावीस वर्षांच्या मुलाची आहे, म्हणूनच ती खरी वाटते.

महाराष्ट्रात जबाबदारीचा जाब बहुतांशी वर, म्हणजे सत्तेला विचारला गेला. 'स्वदेसी' या बहुभाषक गटाने मुंबईतल्या आरेच्या जंगलासाठी तिथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह 'द वारली रिव्होल्ट' (२०१९) केले. त्या गटात मराठीत गाणारा एमसी मवाली होता, तसा गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार हाही होता. तो मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. अमरावतीचा विपिन तातड फुले-आंबेडकरी विचार रॅपमध्ये आणतो. एप्रिल २०२३ मध्ये राज्यातल्या सत्तांतरावर गाणाऱ्या राज मुंगासेवर आणि जनतेच्या हालांवर गाणाऱ्या उमेश खाडेवर गुन्हे दाखल झाले. सत्तेला प्रश्न विचारल्यावर पोलीस दारात येत असतील, तर गायकाने आधी स्वतःची झडती घ्यावी असे सांगणे उद्धटपणाचे ठरेल. अंतर्मुखतेची मागणी कोण करतो आणि कुणाकडे करतो, हे म्हणूनच प्रत्येक वेळी तपासायला हवे.

महाराष्ट्राबाहेर, गुजरातच्या सुरत जिल्ह्यातल्या कडोदऱ्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न चर्चेपुरता राहत नाही. पलसाणा तालुक्यातले हे गाव, महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता जिथे एकमेकांना छेदतात त्या चोकडीभोवती वाढले. आजूबाजूला लूमचे कारखाने आणि डाइंग-प्रिंटिंगच्या गिरण्या. शेजारच्या चलथाण स्टेशनावरून गाडी नंदुरबार, अमळनेर करत जळगावला पोचते. याच मार्गाने खानदेशातली कुटुंबे सुरत परिसरात आली. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारचे कामगारही इथे आहेत. मोबाइलवर अहिराणी वरातीची गाणी, भोजपुरी आणि स्टॅन-डिव्हाइन एकाच रांगेत वाजतात. लूमवर पाळी बारा तासांची. दारूबंदी कागदावर गुजरात राज्याच्या जन्मापासून, आणि दारू कुठे मिळते ते सगळ्यांना ठाऊक.

अशा लूमवर राबणाऱ्या माणसाचे कान बिघडले, छातीत धाग्यांची धूळ गेली, पगारातून उचल कापता कापता हातात काही उरले नाही, तर त्यात त्याचा दोष शोधणे हा अन्याय आहे. त्याला 'स्वतःत डोकाव' असे सांगणारे गाणे मालकाच्या सोयीचे गाणे होते. पण गावी पाठवायचे पैसे गुत्त्यावर गेले, घरी हात उगारला गेला, धाकट्या भावाला शाळेतून काढून लूमवर बसवले, तर तिथे कारखान्याचे नाव पुढे करून सुटता येत नाही. दोन्ही हिशेब एकाच कडव्यात, एकाने दुसरा न पुसता मांडायचे, ही या प्रकारच्या गाण्याची सर्वात अवघड कसोटी. 'बलुतं' तिला उतरते. मुंबई-पुण्याच्या रॅपमध्ये ती क्वचितच कुणी पार केली आहे. अहिराणी गाण्यांचा बाजार मुख्यतः लग्नसराईवर चालतो आणि 'हाई झुमका वाली पोर'सारख्या गाण्याने तो किती मोठा होऊ शकतो हे दाखवले. अशा बाजाराकडून आत्मपरीक्षणाची अपेक्षा करणेही फारसे रास्त नाही.

खानदेशाला या विषयाची स्वतःची ओळख मात्र आहे. अमळनेरला पूर्वी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. आईची थोरवी म्हणून ते वाचले जाते, पण त्याचा सांगाडा कबुलीचा आहे: मोठा झालेला श्याम रात्री मित्रांसमोर बसून लहानपणी आईला कसे दुखावले ते प्रसंग एकेक करून सांगतो. आई आता नाही, त्यामुळे क्षमा करणारे कुणीच नाही. एमिनेमची आई 'हेडलाइट्स' आले तेव्हा हयात होती. श्यामला ती सोय नव्हती.

या गाण्यांतली स्त्री हा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे, पण त्याकडे काणाडोळा करून चालणार नाही. माफी मागणारा पुरुष, माफी जिच्याकडे मागायची ती आई, बायको किंवा बहीण, आणि ते ऐकून टाळ्या वाजवणारे लाखो तिसरेच लोक. जिला इजा झाली तिला या व्यवहारात बोलायला जागा बहुधा नसते, आणि गाण्याचे मानधनही तिला मिळत नाही. खासगी अपराधाची जाहीर कबुली म्हणजे त्या स्त्रीचे आयुष्य दुसऱ्यांदा वापरणे, असाही तिचा अर्थ निघू शकतो. लामारने कीशाच्या बहिणीला बोलू दिले ते महत्त्वाचे ठरते ते याचसाठी, जरी तिचे शब्दही शेवटी त्यानेच लिहिलेले असले तरी.

नवख्या वाचकाने सुरुवात कीशाच्या बहिणीच्या याच गाण्यापासून, 'सिंग अबाउट मी'पासून करावी. नंतर 'हेडलाइट्स', मग 'पुण्य पाप'. आणि सोबत 'बलुतं'ची सुरुवातीची पाने हाताशी असावीत. 'सिंग अबाउट मी' बारा मिनिटांचे आहे आणि त्याच्या अखेरीस एक वृद्ध स्त्री बदला घ्यायला निघालेल्या पोरांना थांबवून त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घेते. तिथपर्यंत पोचण्याआधी गाणे बंद करू नये.